गवत उकरणारा जावई

आमच्या भावोजींना सगळं गाव कोंबडा म्हणतं. हे नाव त्यांना माझ्या वडिलांनी ठेवलं, आणि ठेवलं तेव्हा भावोजी आमचे कोणीच नव्हते. मिसरूड फुटलेला, हातापायांनी नुसता लांबलेला एक नवा गोलकीपर होता तो, आणि बाबा क्लबच्या मैदानाचे माळी होते.

गोलकीपरांना एक खोड असते. गोलकडे पाठ करून उभं राहिलं की आपण दोन खांबांच्या बरोबर मध्ये आहोत की नाही ते कळत नाही, आणि दरवेळी मागे वळून बघावं तर तेवढ्यात चेंडू जाळ्यात. म्हणून सामन्याआधी ते गोलच्या मध्यासमोर टाचेनं जमिनीवर एक रेघ ओढून ठेवतात. नियमात हे बसत नाही, पण पंच काणाडोळा करतात. बाबा करत नसत. त्यांनी ते गवत पोटच्या पोरांपेक्षा जास्त लाडानं वाढवलं, आणि हे मी पुराव्यानिशी सांगतो. माझे केस कानावर आले तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही, गवत बोटभर वाढलं की मात्र कापायचं यंत्र बाहेर. मी न्हावी झालो तो बहुधा त्याच रागानं.

असल्या माणसाच्या डोळ्यांदेखत या पोरानं पहिल्याच दिवशी टाच घासली. बाबा हातातली पाण्याची नळी टाकून धावत सुटले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "ए कोंबड्या! माझं गवत!"

झालं. गोलमागच्या स्टँडनं ते उचललं. पोरानं चेंडू अडवला की हजार माणसं एकदम आरवायची. पोरगं मात्र सज्जन. संध्याकाळी माफी मागायला गवताच्या बियाण्याची पिशवी घेऊन घरी आलं. दार उघडलं ताईनं. पुढच्या सामन्याला त्यानं पुन्हा गवत उकरलं, पुन्हा पिशवी घेऊन माफी मागायला आलं. आई तेव्हा होती, तिला दुसऱ्या पिशवीतच सगळं कळलं. बाबांना वाटत राहिलं की पोरगं मंद आहे, एकदा सांगून समजत नाही. लग्न ठरलं तेव्हा आमच्या माळ्यावर एक मैदान पेरता येईल इतकं बियाणं साठलं होतं.

माझं दुकान मैदानाच्या फाटकासमोर आहे. पहिल्या खुर्चीत बसलं की आरशात, फाटकातून पार गोलची आडवी दांडी दिसते, म्हणून ती खुर्ची कधी रिकामी नसते. गिऱ्हाईकं केस कापायला कमी आणि क्लब चालवायला जास्त येतात. भावोजींचं मनगट मोडलं होतं त्या वर्षी याच खुर्च्यांतून निकाल लागला होता की कोंबडा संपला. पण क्लबचे अध्यक्ष, त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, त्यांनी ऐकलं नाही. "हाड जुळेपर्यंत थांबू," म्हणाले, आणि खरंच अख्खा हंगाम थांबले. पगारही चालू ठेवला, जसा जमेल तसा. दुसऱ्या कुठल्या क्लबनं हातात नारळ दिला असता. भावोजी ते विसरले नाहीत. मोठ्या क्लबांची बोलावणी दोनदा आली, दोन्ही वेळा ते हसून नाही म्हणाले आणि माझ्याकडे दाढी करून घरी गेले.

मग बाबांची मूत्रपिंडं थकली.

आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं. आमच्या रुग्णालयात असं यंत्र एकच, आणि ते बाबांपेक्षा जास्त आजारी. ते बंद पडलं की बाबांचे पाय सुजायचे, बोलताना धाप लागायची, आणि ताई मिळेल ती गाडी करून त्यांना पुलापलीकडच्या शहरात पळवायची. तिथे मोठं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "हे असं धावतपळत किती दिवस करणार? एखाद्या वेळी उशीर होईल, आणि तो शेवटचा असेल."

पलीकडचं शहर म्हणजे पलीकडचा क्लबही आलाच. आम्ही पिवळे, ते निळे. आमच्या घरात निळ्या रंगाची बादलीसुद्धा नव्हती, बाबांनी येऊ दिली नव्हती. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात भावोजींचा करार संपत आला आणि निळ्यांचा निरोप आला. तीन वर्षांचा करार, घरच्या सगळ्यांचा दवाखाना क्लबकडे, आणि राहायला घर, तेही त्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत. आमच्या क्लबनं पुढे केला एका वर्षाचा करार आणि भरपूर प्रेम.

अध्यक्ष माझ्याकडे केसांना कलप लावून घ्यायला आले, ते मुद्दाम. गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना म्हणाले, "तुझ्या भावोजींना सांग, पैसा येतो नि जातो. आणि हे बघ, तुझ्या वडिलांसाठी मी एक आरामखुर्ची पाठवतो. पाय वर करता येतात तिच्यात. एक नंबर माल आहे."

मला हसावं की तोच कलप त्यांच्या कपाळाला फासावा कळेना. पण खुर्ची खरंच आली, टेम्पोतून, प्लास्टिकसकट. माणूस वाईट नव्हता. क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता आणि दुकानात खुर्च्या होत्या, एवढंच. गिऱ्हाईकांचं तर विचारूच नका. ज्यांनी आयुष्यात सासऱ्याला डोकेदुखीची गोळी आणून दिली नाही ते उंटावरून शेळ्या हाकत होते. "निष्ठा म्हणून काही असते की नाही?" असं एकजण दर शनिवारी विचारायचा. हा गृहस्थ माझ्यानंतर तीन न्हावी बदलून परत माझ्याकडे आलेला. मी एकदा त्याला तसं सुनावलंसुद्धा.

सगळ्यांत मोठा अडसर होते बाबा. आरामखुर्चीत सुजलेले पाय वर करून बसायचे आणि अंगावर पिवळा मफलर, उन्हाळ्यात. भावोजींनी विषय काढला त्या दिवशी मी तिथेच होतो.

"निळ्यांच्या पैशावर मी जगणार नाही," बाबा म्हणाले. "तू तिकडे सही केलीस तर मी त्या यंत्राला माझ्या अंगाला हात लावू देणार नाही. आणि तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"बाबा, दोन्ही कसं जमेल?" भावोजी म्हणाले. "उपचार नाही घेतलेत, तर माझ्याशी न बोलायला तुम्ही असणार कुठे?"

ताईला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे पिळालाच पाय फुटले होते आणि ते आरामखुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी भावोजी आले. पहिल्या खुर्चीत बसले, पण कापड बांधू दिलं नाही. आरशातल्या दांडीकडे बघत राहिले.

"चेंडू कुठल्या कोपऱ्यात येणार ते मला मारणाऱ्याच्या कमरेवरून कळतं रे," म्हणाले. "हे काही कळत नाही."

"भावोजी, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही गेलात तर ही जी माणसं आज तुमच्या नावानं आरवतात ना, तीच उद्या शिव्या देतील. माझ्याच दुकानात बसून देतील."

"देऊ देत. तू वस्तरा जपून चालव म्हणजे झालं." मग मनगट चोळत म्हणाले, "या क्लबनं माझं हाड जुळेपर्यंत वाट बघितली. आता माझी पाळी आहे, हे मला कळतं. पण बाबांचं रक्त वाट बघत नाही. मी राहिलो तर सगळे मला डोक्यावर घेतील आणि एक दिवस बाबा नसतील. गेलो तर बाबा माझ्यावर रागावलेले असतील. पण असतील."

मला भरून आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच नळ सोडून स्वच्छ वस्तरे पुन्हा धुतले. भावोजी उठले, आरशात स्वतःचे केस बघितले, "वाढलेत," म्हणाले, आणि गेले. त्या आठवड्यात त्यांनी निळ्यांकडे सही केली.

बाबांना न्यायला गाडी आली तेव्हा ते खुर्चीच्या हातांना धरून बसले. उठेनात. शेवटी भावोजींनी वाकून त्यांना उचललं, चेंडू धरतात तसं दोन्ही हातांनी छातीशी. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "याला सांग, मला खाली ठेव."

भावोजीही माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना सांग, गाडीत ठेवतो."

इथून जे सुरू झालं ते कित्येक महिने चाललं. बाबा तिकडच्या घरात राहिले, आरामखुर्चीसकट. ती क्लबची खुर्ची, ती सोडून ते जाणार नव्हते. यंत्रालाही जोडून घेऊ लागले, कारण ताईनं सांगितलं होतं की तुम्ही नाही घेतलंत तर मीही अन्नाला शिवणार नाही, आणि ताई बाबांचीच मुलगी. पण भावोजींशी शब्द नाही. समोर बसून पाणी मागायचं तरी ताईकडे बघून, "त्याला सांग, तांब्या सरकव." रुग्णालयात ताई जवळ नसली तर नर्सला. एकदा नर्सही नव्हती, तर म्हणे खिडकीला सांगितलं. भावोजी तेवढ्याच गंभीरपणे खिडकीला उत्तर द्यायचे. ताई हे फोनवर सांगताना खळखळून हसायची. मग म्हणायची, "ते हसत नाहीत रे. रात्री जेवण झालं की नुसते बसून राहतात." बाबांच्या पायांची सूज उतरली होती, चेहऱ्यावर रंग आला होता, आणि भावोजी वाळत चालले होते. ज्या माणसासाठी सगळं केलं त्याच्या तोंडून एक हाक नाही, हे त्यांना आतून खात होतं.

दर रविवारी मात्र ताई बाबांना माझ्या दुकानात आणून सोडायची. निळ्या न्हाव्याच्या हातात वस्तरा आणि आपली मान, हे बाबांना मंजूर नव्हतं.

असाच एक रविवार. पुढच्याच आठवड्यात निळे आमच्या मैदानावर खेळायला येणार होते. बाबांच्या अर्ध्या गालावरचा फेस मी उतरवला होता, अर्धा बाकी होता, आणि शेजारच्या खुर्चीत अध्यक्ष.

"माळीबुवा," अध्यक्ष खुशीत म्हणाले, "पोरगं अजून आपलंच आहे बरं का! मला कालच कळलं. करारात त्यानं अट घालून घेतलीय, आपल्या मैदानावर आपल्याविरुद्ध उतरणार नाही म्हणून. त्यांचा दुसरा कीपर कच्चा आहे. आपण जिंकलो म्हणून समजा!"

मला वाटलं, आता बाबा विरघळणार. बाबांनी माझ्या हातातला वस्तरा बोटानं बाजूला केला आणि आरशातून अध्यक्षांकडे बघितलं.

"काय अट घातलीय?"

अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू.

"फोन लाव ताईला," बाबा मला म्हणाले. "मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

ताईनं उचलला. "तुझ्या नवऱ्याला सांग," बाबा सुरू झाले.

"ते इथेच आहेत. बोला की."

"मी त्याच्याशी बोलत नाही. त्याला सांग, ज्याचा पगार घ्यायचा त्याच्या गोलमध्ये उभं राहायचं. एका सामन्यापुरता घरात लपून बसणारा जावई मला नको. मी अख्खी नोकरी दोन्ही गोलसमोरचं गवत सारखं कापलं. पाहुण्यांच्या बाजूला एक खळगा ठेवला नाही कधी. सांग त्याला!"

 मग भावोजींचा आवाज आला, लांबून. "त्यांना सांग, मला नाही जमणार तिथे. समोर आपला स्टँड असेल."

"त्याला सांग, गोलकीपरचा स्टँड मागे असतो. पुढे बघ म्हणावं!"

बाबांनी फोन बंद केला आणि उरलेला गाल माझ्यापुढे केला. अध्यक्षांच्या तोंडावरचा फेस तसाच वाळला. आपल्याच जाळ्यात चेंडू मारलाय हे त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. भावोजींनी क्लबात जाऊन ती अट काढून टाकायला सांगितली होती.

सामन्याच्या दिवशी सकाळीच ताईनं बाबांना माझ्या दुकानात आणून सोडलं आणि ते म्हणाले, "मला मैदानावर ने." आताचा माळी हा बाबांच्याच हाताखाली शिकलेला, त्यानं काही न विचारता फाटक उघडलं. बाबा काठी टेकत थेट स्टँडच्या बाजूच्या गोलपाशी गेले. दोन्ही खांबांकडे बघितलं. गोलपुढे चार पावलं चालले. आणि मग, मी डोळे चोळले, त्यांनी काठीच्या टोकानं गवत उकरलं. स्वतःचं गवत, स्वतःच्या हातानं. चांगली ठसठशीत रेघ ओढली.

"बाबा!" मी म्हणालो.

"तोंड बंद ठेव," बाबा म्हणाले.

मी ठेवलं. बोलायला तोंड उघडत नाही म्हणून म्हाताऱ्यानं खूण करून ठेवली, असं मला वाटलं. ताईला सांगायला जीभ वळवळत होती.

दुपारी स्टँड भरला. अध्यक्षांनी दुकानातून दुसरी आरामखुर्ची आणवून गोलमागच्या कुंपणाला लागून ठेवली होती, बाबा तिच्यात पाय वर करून, पिवळा मफलर गुंडाळून. मी शेजारी उभा. संघ बाहेर आले आणि भावोजी निळा शर्ट घालून आमच्याच गोलकडे चालत आले. स्टँडमधून शिट्ट्या झाल्या, दोन-चार शिव्याही आल्या. निष्ठेवाला गृहस्थ सगळ्यांत पुढे होता. बाकीचे बरेच नुसते बसून होते, आणि ते जास्त वाईट वाटत होतं.

भावोजींनी खाली मान घालून दोन्ही खांबांना हात लावला, नेहमीसारखा. वळले, आणि त्यांना ती रेघ दिसली. टाचेची नाही, काठीची. ते थांबले. कुंपणाकडे बघितलं. बाबा ढगांकडे बघत होते.

भावोजी त्या रेघेवर जाऊन उभे राहिले. मान वळवून या खांबाकडे बघितलं, त्या खांबाकडे बघितलं. पुन्हा या खांबाकडे. आणि एकदम हसायला लागले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते ते सगळं साठलेलं बाहेर आलं, पोट धरून हसले. मग वीतभर डावीकडे सरकले आणि टाच खसकन घासून स्वतःची रेघ ओढली.

बाबा खुर्चीतून उठायला गेले, पण पाय वर असल्यामुळे उठता येईना. तसेच आडवे असताना दोन्ही हातांनी कुंपण धरून ओरडले, "ए कोंबड्या! माझं गवत!"

ताईकडे बघून नाही, माझ्याकडे नाही, खिडकीकडे नाही. थेट त्यांना.

भावोजींनी हातमोजा घातलेला हात उंच केला. "चुकलं, बाबा! बियाणं घेऊन येतो!" त्यांचा आवाज चिरकला, मी ऐकला. स्टँडमध्ये कुठेतरी वरच्या बाजूला एकजण आरवला. मग आणखी एक. मग सगळा स्टँडच आरवायला लागला, निळ्या शर्टाकडे बघून, आणि पुढे बसलेला तो निष्ठेवाला गृहस्थ इकडेतिकडे बघत तोंड उघडून मिटत राहिला.

सामना सुरू झाला तरी माझ्या डोक्यातून ती वीत जाईना. दोरी न लावता अख्ख्या मैदानाच्या रेघा सरळ मारणारा हा माणूस.

"बाबा," मी खाली वाकून विचारलं, "तुमची रेघ वीतभर सरकलेली होती."

"होती."

"क्लबसाठी?"

"एवढं तरी करायला नको? तो फसणार नाही हे मला माहीत होतं. मीच तर त्याला इतकी वर्षं बघतोय."

"आणि परवा माझ्या दुकानात काय म्हणालात? पाहुण्यांच्या गोलसमोर कधी खळगा ठेवला नाही म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांनी काहीच खटपट केली नाही.

"तो पाहुणा कुठे आहे?" म्हणाले. "तो घरचा आहे. आता गप्प बस, आपल्याला कॉर्नर मिळालाय."

कॉर्नर आला. गर्दीतून भावोजी उंच उडाले आणि त्यांनी चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला. बाबांनी आधी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्याच हातानं टाळ्या वाजवल्या.